न उडालेल्या विमानाचा जमाखर्च

आलापल्लीचे सागवान आणि बल्लारपूरचा कागद यांची कीर्ती देशभर पोचली असली, तरी चंद्रपूर व गडचिरोली या अरण्यप्रधान जिल्ह्यांचा विमानविद्येशी संबंध जोडावयाचा म्हटले तर मोरव्याच्या लहानशा धावपट्टीपलीकडे दाखविण्याजोगे फारसे काही नाही. तथापि तान्ह्या पोळ्याला पोरांनी ओढावयाचे लाकडी बैल घडविण्याची परंपरा ज्या मुलुखात आहे, आणि हलके, सरळ रेषांचे, रंध्याखाली शहाण्यासारखे वागणारे शिवणीचे लाकूड जेथे ओळखीचे आहे, तेथे विमानाची प्रतिकृती घडविण्यास परदेशी साच्यांची वाट पाहण्याचे कारण नाही. त्यातही मला मोह पडला तो ‘असे झाले असते तर’ या जातीच्या प्रतिकृतीचा, म्हणजे जे विमान कोणत्याही सरकारच्या दफ्तरी नोंदले गेले नाही, परंतु जे होणे अशक्य नव्हते, ते लाकडात उभे करण्याचा.

विमान निवडले ते पंख्याचे, आणि त्याला जेटची जोड. हा संकर मुळीच कपोलकल्पित नव्हे. दुसऱ्या महायुद्धाच्या उत्तरार्धात लढाईत उतरलेले जेट यंत्र वेगात असताना तेजस्वी, परंतु जमिनीवरून उठताना सुस्त असे. वैमानिकाने जोर मागितला तरी तो यावयास काही क्षण लागत, आणि इंधन तर ते अधाशासारखे पीत असे. उलट पंख्याच्या विमानाची ओढ आरंभी भरपूर असून वेगाबरोबर घटत जाई, कारण अश्वशक्ती तेवढीच राहून वेग वाढला की ओढीच्या वाट्यास कमी येते. मग दोन्ही एकाच धडात का नसावीत, या विचारातून जून १९४४ मध्ये अमेरिकन नौदलाचे रायन फायरबॉल उडाले: नाकात १३५० अश्वशक्तीचे राइट सायक्लोन, शेपटीत १६०० पौंड रेट्याचे जेट, आणि दोहोंना एकच पेट्रोल. अशी ६६ विमाने बांधली गेली. रशियनांनीही याकोव्लेव व लावोच्किन यांच्या लढाऊ विमानांना रॉकेटे आणि रॅमजेट जोडून पाहिली. पण निर्भेळ जेट सुधारताच ही सारी तजवीज निकालात निघाली.

आपल्याकडे हा प्रयोग लढाऊ विमानावर झाला नाही, मालवाहू विमानावर झाला. लडाखच्या विरळ हवेत दोन पंख्यांचे फेअरचाइल्ड पॅकेट हतबल होऊ लागले, तेव्हा त्याच्या पाठीवर वेस्टिंगहाउसचे जे-३४ हे जेट बसविण्यात आले. आणि २३ जुलै १९६२ रोजी स्क्वॉड्रन लीडर सी. के. एस. राजे यांनी सोळा हजार फुटांहून उंच असलेल्या दौलत बेग ओल्डीच्या धावपट्टीवर पॅकेट विमान उतरविले. हा दाखला हाती असताना कल्पनेस आणखी मंजुरी कशास हवी?

माझे काल्पनिक विमान म्हणजे हॉकर टेम्पेस्ट मार्क दोन. १९४७-४८ च्या काश्मीर युद्धात हे विमान आपल्या वायुसेनेने वापरले, आणि १९४८ च्या अखेरीस व्हॅम्पायर जेट आले. या मधल्या मुदतीत, सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४० साली पाया घातलेल्या बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टला, जेथे पुढे डॉ. विष्णु माधव घाटगे यांनी एचटी-२ हे विमान घडविले, ‘टेम्पेस्टला जेट जोडा’ असा हुकूम सुटला असता तर?

येथून हिशेब सुरू होतो, आणि माझ्या मते या छंदाचा सारा आनंद या हिशेबातच आहे. व्हॅम्पायरचे गॉब्लिन यंत्र सुमारे ५० इंच व्यासाचे. १:४८ प्रमाणात ते अडीच सेंटिमीटरांहून थोडे अधिक भरते, आणि मागे निमुळत्या होत जाणाऱ्या धडात ते मावता मावत नाही. जे-३४ चा व्यास दोन फुटांच्या आसपास, म्हणजे प्रतिकृतीत जेमतेम सव्वा सेंटिमीटर. सबब तेच घेतले. हवेसाठी नवी भोके पाडण्याची गरज नाही, कारण टेम्पेस्टच्या पंखांच्या मुळाशी ऑइल कूलर व कार्ब्युरेटर यांची दारे मुळातच आहेत. ती रुंद करावयाची इतकेच. मागे सुमारे अर्धा टन वजन वाढल्याने गुरुत्वमध्य मागे सरकतो, म्हणून पंखा पुढे नेऊन नाक लांबविले पाहिजे. (लाकडी प्रतिकृती आपली शेपटीवर स्वस्थ बसते, हा भाग वेगळा.) सर्वांत अवघड प्रश्न शेपटीच्या चाकाचा: फायरबॉलला नाकाखाली चाक असल्याने त्याचा झोत आडवा मागे जाई, टेम्पेस्टचा मात्र जमिनीवर आदळेल. रशियनांच्या याक-१५ या जेटवर याच कारणाने शेपटीचे चाक संपूर्ण धातूचे करावे लागले. मीही रबरी टायर रद्द करून तेथे पितळी चकती बसविली.

टेम्पेस्टचा पंखविस्तार ४१ फूट, म्हणजे आपल्या फळीवर २६ सेंटिमीटर. धड दोन फळ्यांचे करून मध्ये कागद चिकटवावा, म्हणजे आकार आल्यावर ते उकलून यंत्राची पोकळी कोरता येते. रंगकाम मात्र पावसाळ्यात करू नये, दमट हवेत रंगावर दुधी साय धरते. आणि पंचेचाळीस अंशांच्या आमच्या उन्हाळ्यातही नको, कारण फवारा पृष्ठावर पोचण्यापूर्वीच वाळतो. दिवाळीनंतरचे दोन महिने उत्तम. पंखांवर तिरंगी वर्तुळाचा मोह टाळून अशोकचक्राचे जुने चिन्ह काढावे, क्रमांक ‘एचए’ या अक्षरांनी सुरू व्हावा, आणि बैठकीवर ‘काल्पनिक’ हा शब्द ठळक लिहावा. तो न लिहिणारा कारागीर माझ्या लेखी दस्तऐवज बनविणाऱ्या लबाडाच्याच पंक्तीत बसतो.

वाचकांपैकी कोणास दिल्लीस जाण्याचा योग आला, तर पालमच्या वायुसेना संग्रहालयात खरे टेम्पेस्ट आहे. त्याच्या पंखाच्या मुळाशी थोडे थांबावे, आणि ते हवेचे दार आणखी किती रुंद करता आले असते याचा अंदाज स्वतःच घ्यावा.