कात्रजचा नळ आणि आपली शहरे

वारसा सांभाळून शहरे वाढवण्याचा आपल्याकडचा आढावा बहुधा मुंबईपासून सुरू होतो, आणि त्यात गैर काही नाही. १९९५ साली बृहन्मुंबईची वारसा नियमावली आली, ती देशातली पहिली. वास्तूंच्या श्रेणी ठरल्या, समिती बसली. २०१८ मध्ये ओव्हल मैदानाच्या दोन बाजूंना समोरासमोर उभ्या असलेल्या गॉथिक आणि आर्ट डेको इमारती जागतिक वारसा यादीत गेल्या. त्यावर पुष्कळ लिहून झाले आहे. या लेखाला वळायचे आहे ते पुण्याकडे, आणि तेही जमिनीखाली.

नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत, अठराव्या शतकाच्या मध्यावर, कात्रजच्या डोंगरउतारावर तलाव बांधले गेले. वरच्या तलावात गाळ बसे आणि निवळलेले पाणी खालच्या तलावात येई. तिथून शनिवारवाड्यापर्यंत चुन्यात बांधलेला नळ निघाला. त्याला नळ म्हणायचे एवढेच. खरे तर माणूस आत उतरून चालू शकेल असा तो बोगदा. जमिनीचा उतार पाहून त्याची वाट आखलेली, हवा खेळती राहावी म्हणून जागोजागी दगडी उच्छ्वास. या पाण्याला ना मोट लागत होती, ना बैल. उतारच पाणी पेठांत आणून सोडत होता, आणि पेठेपेठेत ते हौदांत पडत होते.

काळा हौद, बदामी हौद, नाना हौद, फडके हौद, सदाशिव पेठेतला हौद ही नावे आज बसथांब्यांपुरती आणि पत्त्यांपुरती उरली आहेत. पण या शहराचा सामाजिक इतिहास हौदांच्या काठावर घडला. पाणी कुणी भरायचे आणि कुणी लांब उभे राहायचे, याचा निवाडा तिथे रोज होत असे. म्हणूनच १८६८ मध्ये जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, या घटनेचे मोल मोठे. डॉ. विश्राम रामजी घोले यांनी अकाली गेलेल्या लेकीच्या आठवणीसाठी बाहुलीचा हौद बांधला आणि तोही सर्वांसाठी ठेवला. वारसा म्हणजे कमानी आणि सज्जे, असे मानणाऱ्यांच्या याद्यांत या दोन हौदांना वाड्यांच्या बरोबरीचे स्थान कधी मिळाले नाही. प्रस्तुत लेखकाचे त्यांच्याशी भांडण आहे ते यावरूनच.

१२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटले, पाठोपाठ खडकवासलाही फुटले आणि घरोघरचे नळ कोरडे पडले. नदीकाठच्या पेठांत वाडे कोसळले होते, रस्त्यांवर गाळ होता. त्या दिवसांत लोकांना आधार झाला तो हौदांचा आणि वाड्यांतल्या आडांचा. हंडे-कळश्यांच्या त्या रांगा ज्या पिढीने पाहिल्या, तिला हा वारसा पुस्तकातून शिकावा लागला नाही.

काही नगररचनाकार विचारतात, लाखोंच्या शहराला हौद कसे पुरणार? पुरणार नाहीतच, आणि तसा दावाही कुणी करत नाही. पण बागा, धुणीभांडी, रस्त्यांची झाडलोट, आगीचा बंब यांना धरणातले शुद्ध केलेले पाणी कशाला हवे? विजेशिवाय वाहत येणारे पाणी ज्या शहराला वारशात मिळाले, त्याने निदान या हिशेबाला तरी बसावे.

वाड्यांबद्दल थोडक्यात. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली. मालकाला डागडुजी परवडेना, भाडेकरूला जागा सोडवेना आणि सागवानी खण जागच्या जागी कुजले. चौकातून वारा खेळवणारी, जाड भिंतींनी उन्हाळा बाहेर ठेवणारी घरे पाडून आपण त्या जागी वातानुकूलन यंत्रांची रांग लावली.

छत्रपती संभाजीनगरची कहाणी याहून जिव्हारी लागणारी आहे. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी, म्हणजे हेच शहर, वसवली आणि डोंगरातले भूजल उताराच्या नहरीने गावात आणले. पुढे बाबा शाह मुसाफिरांच्या दर्ग्यापाशी पाणचक्की उभी राहिली. तिथे डोंगरातून आलेले पाणी भिंतीवर चढून खाली कोसळे आणि त्याच्या जोरावर दळण होई. तिथल्या मोठ्या हौदाचा तळ हेच खालच्या दालनाचे छत, त्यामुळे ऐन मे महिन्यात ते दालन गार. त्याच शहराला आज जायकवाडीचे पाणी पंपांनी वर चढवून आणावे लागते, आणि कित्येक वस्त्यांत नळाला पाणी दिवसांच्या अंतराने येते.

नाशिकला तर गोदापात्रातल्या कुंडांचे तळच काँक्रीटने बंद केले गेले. नदीचे जिवंत झरे अडवून वर सुशोभीकरण करायचे, याला तीर्थाची सोय कसे म्हणावे? २०२७ चा कुंभमेळा तोंडावर आहे. याउलट अहमदाबादच्या पोळांतल्या, म्हणजे जुन्या वस्त्यांतल्या, घरांत चौकाखाली पावसाचे पाणी साठवणारी टाकी आहेत. २०१७ मध्ये ते शहर देशातले पहिले जागतिक वारसा शहर ठरले. आपल्याकडून शिष्टमंडळे तिथे जातात आणि दर्शनी भागांची छायाचित्रे घेऊन परततात.

आता पुन्हा पुणे. मार्च २०१९ मध्ये स्वारगेटला मेट्रोच्या खोदकामात पाण्याचा एक जुना भूमिगत बोगदा लागला. त्याचे वय किती, यावर जाणकारांत वाद झाला, काही दिवस बातम्या झाल्या. त्याच वर्षी २५ सप्टेंबरच्या रात्री कात्रजकडून आलेल्या पावसाने आंबिल ओढा फुगला आणि काठच्या वस्त्यांत शिरला. माणसे गेली. हाच ओढा वळवून पेशव्यांनी पर्वतीचे तळे केले होते, जिथे आज सारसबाग आहे. पाण्याला कुठून जायचे हे त्या लोकांनी आधी विचारले आणि मग पेठा वसवल्या. आपण ओढ्याच्या पात्रात भराव घातले, काठ आवळत नेले.

ओढ्याची वाट आणि नळाची वाट एकाच नकाशावर आखावी, उच्छ्वास मोजावेत, बुजलेल्या हौदांच्या जागा नोंदवाव्यात आणि हा नकाशा बांधकाम-परवानगी देणाऱ्याच्या टेबलावर असावा, ही मागणी जुनी आहे. कोणत्या वाड्यात आड कुठे होता, पेठेतला हौद नेमका कोणत्या फरशीखाली गेला, हे बोट दाखवून सांगू शकणारी माणसे आता ऐंशीच्या घरात आहेत. त्यांना सोबत घेऊन पेठा फिरण्याचे काम याच हिवाळ्यात सुरू व्हायला हवे.