‘नर्सिंग’चे सर्टिफिकेट : फी किती, पगार किती?

परवा सोमवारी, बाजाराच्या दिवशी, शेवटचा पेशंट तपासून मी उठण्याच्या बेतात होतो. तेवढ्यात जवळच्या खेड्यातील एक शेतकरी मुलीला घेऊन आत आले. गेली वीस वर्षे हे घर माझ्याकडे येते, त्यामुळे घरात कोणाला काय होते हे मला पाठ आहे. पण त्या दिवशी दोघांपैकी कोणीच आजारी दिसेना. मामांनी खिशातून चार घड्या घातलेले रंगीत पत्रक काढून टेबलावर पसरले. “साहेब, पोरगी बारावी झाली, ६१ टक्के पडले. दवाखान्याच्या लाइनला जाते म्हणती. ह्यात टाकू का?”

पत्रकावर पांढऱ्या टोपीतील परिचारिकेचा फोटो होता आणि खाली ठळक अक्षरांत एका वर्षात नर्सिंग व नोकरीची पूर्ण हमी. फी ४८,००० रुपये, तीन हप्त्यांत. त्यातील १०,००० रुपये मामा जागा अडवण्यासाठी भरूनही आले होते. आपल्याकडे डॉक्टरचा सल्ला साधारणपणे याच टप्प्यावर घेतला जातो.

आरोग्याच्या सदरात हा विषय कशाला, असे काही वाचक म्हणतील. पण आपल्या भागातील बहुतेक दवाखान्यांत तुमचे ब्लडप्रेशर मोजणारी, सलाइन लावणारी मुलगी अशाच कुठल्या तरी कोर्समधून आलेली असते. दर जूनमध्ये निदान आठ-दहा पालक मला हा प्रश्न विचारतात. म्हणून त्या दिवशी मामांबरोबर प्रिस्क्रिप्शनच्या कागदामागे जो हिशेब मांडला, तोच येथे देतो.

फी ४८,०००. परीक्षा फी, गणवेश आणि पुस्तके मिळून ६,०००. मुलीचे गाव २४ किलोमीटरवर. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे, तरी जाऊन-येऊन रोजचे ४० रुपये धरले आणि वर्षाचे ३०० दिवस धरले तर १२,०००. एकूण ६६,००० रुपये झाले. मामांना आकडा समजेना असे नव्हे, पण शेतकऱ्याला रुपयांपेक्षा क्विंटल लवकर कळतात. २०२४-२५ साली सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. म्हणजे नुसती फीच जवळजवळ १० क्विंटलची. कोरडवाहू रानात चांगल्या वर्षी एकरी ७-८ क्विंटल पडले तरी माणूस समाधानी असतो, आणि हमीभाव प्रत्यक्ष हातात पडतोच असेही नाही. मामा बराच वेळ गप्प बसले.

आता पगाराची बाजू. हा भाग लिहिताना मला थोडे अवघडल्यासारखे होते, कारण पगार देणारा मीच आहे. आमच्या गावात दवाखान्यात बिनकोर्सची मुलगी ठेवली तर तिला ५,५०० मिळतात. सर्टिफिकेट असलेलीला ७,०००. फरक १,५०० रुपयांचा. या फरकातून ६६,००० फिटायला ४४ महिने लागतात. शिवाय ज्या वर्षी ती कोर्स करते, त्या वर्षी तिची कमाई शून्य असते. ५,५०० प्रमाणे बारा महिन्यांचे, योगायोगाने, तेवढेच ६६,००० होतात. तेही धरले तर ८८ महिने, म्हणजे सात वर्षे चार महिने. अठराव्या वर्षी कोर्सला गेलेली मुलगी सव्वीस वर्षांची होते तेव्हा कुठे हिशेब बरोबरीत येतो.

आणि हे दोन्ही पगार कायद्यात बसत नाहीत, हेही सांगून टाकतो. रुग्णालये आणि डॉक्टरांचे दवाखाने यांना किमान वेतन लागू आहे, आणि पूर्ण वेळ काम करणाऱ्याला ७,००० रुपये म्हणजे त्या वेतनापेक्षा बरेच कमी. आम्हा डॉक्टर मंडळींच्या बैठकीत औषध कंपन्यांच्या किमतींवर तावातावाने चर्चा होते, या विषयावर होत नाही.

सर्टिफिकेटमुळे काम तरी येते का? दोन वर्षांपूर्वी असाच कोर्स केलेली एक मुलगी नोकरी मागायला आली होती. मी तिला माझेच ब्लडप्रेशर घ्यायला सांगितले. पट्टा तिने ठीक बांधला, पण स्टेथोस्कोपमधला कोणता आवाज ऐकून खालचा आकडा धरायचा, ते तिला माहीत नव्हते. कमरेत इंजेक्शन कुठे द्यायचे, हे विचारल्यावर तिने बोट ठेवले ते नितंबाच्या मधोमध. वाचकांनी हे लक्षात ठेवावे. पायाकडे जाणारी मोठी सायटिक नस तेथून जाते. सुई त्या नसेत किंवा तिच्या अगदी जवळ गेली तर पाऊल लुळे पडू शकते, माणूस कायमचा पाय फरफटत चालू शकतो. म्हणून सुई नेहमी वरच्या, बाहेरच्या चौथ्या भागात द्यायची असते. त्या मुलीचा यात दोष नव्हता. तिच्या संस्थेत साठ मुलींत मिळून चार बीपी मशिन होती आणि वर्षभरात एकदाही तिला वॉर्डमध्ये उभे केले नव्हते. रडवेली होऊन ती म्हणाली, “सर, पेपरला मला ७४ मार्क होते.”

उलट आमच्या शोभाताई. दहावीपर्यंत शिकलेल्या, माझ्याकडे बावीस वर्षे आहेत, सर्टिफिकेट कसलेच नाही. पेशंटला घाम फुटला की तो भीतीचा की हृदयाचा, हे त्यांना माझ्याआधी कळते. पण इंजेक्शन त्यांना मी देऊ देत नाही. ती जबाबदारी माझी आहे, आणि उद्या काही झाले तर कायदा त्यांचा अनुभव विचारणार नाही, नोंदणी विचारील.

नोंदणी हाच या साऱ्या प्रकरणातला कळीचा शब्द आहे. परिचारिका म्हणून राज्यात नोंदणी करते महाराष्ट्र परिचर्या परिषद, तीही मान्य अभ्यासक्रम झालेल्यांचीच. एएनएम दोन वर्षांचा, जीएनएम तीन वर्षांचा. एका वर्षात कोणी नर्स होत नाही, पत्रकावर टोपी कितीही पांढरी असली तरी. त्याच पत्रकाच्या मागच्या बाजूला लॅब टेक्निशियनचा सहा महिन्यांचा कोर्सही होता. संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी केंद्राने २०२१ साली जो कायदा केला, त्यात किमान दोन वर्षे आणि २,००० तासांच्या शिक्षणाची अट आहे. तेव्हा सहा महिन्यांच्या कागदाचे पुढे काय होणार, ते वाचकांनीच ठरवावे.

मग एएनएमला टाकावे का? बारावी झालेल्या मुलीला तो रस्ता मोकळा आहे. जिल्हा परिषदेच्या भरतीत आरोग्य सेवक (महिला) या पदाला परिचर्या परिषदेची नोंदणी लागते, आणि मूळ वेतन २५,५०० रुपयांपासून सुरू होते. ते मिळाले तर घर उभे राहते. पण ‘मिळाले तर’. २०१९ सालच्या भरतीची जाहिरात रखडत रखडत शेवटी रद्द झाली आणि पुढची निघाली ती २०२३ मध्ये. मधल्या काळात आमच्या भागातल्या मुली खाजगी रुग्णालयांत ११-१२ हजारांवर राबत होत्या. खाजगी संस्थेत एएनएमचा खर्चही दोन वर्षांचा मिळून या सर्टिफिकेटच्या दुप्पट-तिप्पट जातो. सरकारी केंद्रात फी नाममात्र असते, मात्र जागा थोड्या. तरीही पैसा घालायचाच असेल तर नोंदणी होते तेथे घालावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

रुग्णसेवेची सगळीच छोटी सर्टिफिकिटे टाकाऊ असतात असे मात्र नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला कुशीवर वळवणे, अंग पुसणे, भरवणे, नाडी आणि ताप लिहून ठेवणे या कामासाठी जनरल ड्यूटी असिस्टंट नावाचे शिक्षण आहे. २०१५ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेखाली ते फी न घेता दिले गेले आहे, म्हणून पैसे भरण्याआधी जिल्हा कौशल्य विकास कार्यालयात एकदा चौकशी करावी. हे काम कमी प्रतीचे नव्हे. पाठीला जखम झालेला म्हातारा दोन तासांनी कुशीवर वळवणाऱ्या बाईमुळे जगतो, माझ्या मलमाने नाही. माझ्या एका पेशंटचा मुलगा पुण्यात वडिलांसाठी बारा तासांच्या पाळीला ब्युरोकडे २२,००० भरतो. त्यातले मुलीच्या हातात १५,००० पडतात. राहणे-खाणे जाऊन किती उरते, हा पुन्हा वेगळा हिशेब आहे.

अर्चना (नाव बदलले आहे) इतका वेळ कागदाकडे पाहत होती. तिने एकच विचारले. “सर, त्या कॉलेजला कोणतं हॉस्पिटल जोडलंय, ते विचारलं तर सांगतील का?” मी म्हटले, जरूर विचार. परिषदेची मान्यता आहे का, तेही विचार, आणि तोंडी नको, कागद माग. दोघे बापलेक तेथूनच संस्थेत गेले. हॉस्पिटलचे नाव मिळाले नाही. दहा हजारही मिळाले नाहीत. एकदा भरलेली फी परत होत नाही, असे सांगण्यात आले, आणि मामांजवळ पावती म्हणून होते ते संस्थेचे व्हिजिटिंग कार्ड, मागे पेनने ‘१०,००० जमा’ लिहिलेले.

एएनएमच्या प्रवेशाची चौकशी तिने जिल्ह्याच्या ठिकाणी केली आहे. प्रवेश लागेपर्यंत सकाळी माझ्याकडे येते. ब्लडप्रेशर घ्यायला शिकली, पहिल्या आठवड्यात. शिकवले शोभाताईंनी. पगाराचे विचारायला मामा आले तेव्हा मी नेहमीचा ५,५०० चा आकडा सांगणार होतो, पण तो हिशेबाचा कागद अजून टेबलाच्या काचेखालीच होता. पहिल्या तारखेपासून दोघींचा पगार नव्याने ठरवला आहे. किती, ते येथे छापत नाही. गावातील डॉक्टर मित्रांचे फोन येतील.