मिलानमधील एक घर आणि त्यातील चित्रे

कलासंग्रहालय म्हटले की कामकरी माणसाच्या डोळ्यांपुढे राजवाड्यासारखी इमारत उभी राहते, आणि तिच्या पायऱ्या चढण्याचा त्याला संकोच वाटतो. इटलीतील मिलान शहरी बोस्की दी स्तेफानो गृहसंग्रहालयात हा संकोच फार वेळ टिकत नाही. जान नावाच्या रस्त्यावर १५ क्रमांकाची ही बिऱ्हाडांची इमारत आहे. जिना चढून दुसऱ्या मजल्यावर जावे. दार उघडते ते एका घराचे. प्रवेशास पैसे पडत नाहीत.

हे घर आंतोनिओ बोस्की व मारिएदा दी स्तेफानो या दांपत्याचे. आंतोनिओ हे पिरेल्लीच्या रबर कारखान्यात इंजिनिअर होते. यंत्रातील दोन फिरत्या दांड्यांना जोडणारा व धक्के जिरवणारा रबरी सांधा त्यांनी शोधून काढला. मोटारींतील या सांध्याला त्यांच्याच आडनावावरून 'जूबो' म्हणतात. मारिएदा मातीच्या कलाकृती घडवीत. तळमजल्यावर त्यांची ती कला शिकवणारी शाळा होती. १९२७ साली दोघांचा विवाह झाला, आणि पुढे आयुष्यभर त्यांनी आपल्या काळातील इटालियन कलावंतांच्या कृती घेतल्या. त्या दोन हजारांवर गेल्या. मारिएदा १९६८ साली वारल्या. १९७४ साली आंतोनिओंनी हा ठेवा शहराच्या स्वाधीन केला. २००३ साली घर लोकांसाठी खुले झाले. आज तेथे सुमारे तीनशे कृती मांडलेल्या आहेत.

भिंती चित्रांनी भरलेल्या आहेत. मोरांदीच्या चित्रांत साध्या वस्तूच दिसतात. पण त्या इतक्या शांतपणे मांडलेल्या की आपणही हळू बोलू लागतो. फोंतानाने कापडाला भोके पाडली. हा काय प्रकार, असे प्रथम वाटते. चित्र म्हणजे केवळ सपाट पृष्ठभाग नव्हे, त्यामागेही अवकाश आहे, हे त्याला दाखवायचे होते. एवढे ध्यानात ठेवून पाहिले म्हणजे कोडे पुष्कळसे सुटते.

परंतु आमच्यासारख्या चळवळीतल्या माणसाचे पाऊल अडते ते मारिओ सिरोनीच्या खोलीत. शहराच्या कडेची कारखान्यांची वस्ती, काळसर भिंती, सुने रस्ते हे त्याचे आवडते विषय. गिरणगाव पाहिलेल्या माणसाला ही चित्रे समजावून सांगावी लागत नाहीत. आणि हा चित्रकार कोण? मुसोलिनीच्या वृत्तपत्राचा व्यंगचित्रकार, फॅसिस्ट राजवटीचा निष्ठावंत! त्याच राजवटीने १९२६ साली कायदा करून संप गुन्हा ठरवला आणि स्वतंत्र कामगार संघटनांची मुस्कटदाबी केली. १९४३च्या मार्चमध्ये तुरीन व मिलानचे कामगार तो कायदा झुगारून संपावर गेले.

मग ही चित्रे पाहावीत की पाठ फिरवावी? याचे एक उत्तर एप्रिल १९४५ मध्ये मिळाले. मिलान मुक्त होत असता प्रतिकार दलाच्या माणसांनी सिरोनीला वाटेत अडवले. जीव जाण्याचीच वेळ होती. त्यांच्यात जान्नी रोदारी हा तरुण कम्युनिस्ट होता, जो पुढे मुलांचा थोर लेखक झाला. त्याने चित्रकाराला ओळखले आणि सुखरूप जाऊ दिले. सिरोनीची मते रोदारीला मान्य झाली होती, असा याचा अर्थ नव्हे. शत्रूच्या हातून घडलेले चांगले कामही माणसांच्या मालकीचे असते, एवढाच त्याचा अर्थ आम्ही घेतो.

म्हणून आमचे सांगणे असे: चित्र मनापासून पाहावे, आणि ते काढणाऱ्याने कोणाची चाकरी केली हेही विसरू नये. दोन्ही गोष्टी एकाच डोक्यात मावतात. कामगाराला भाकरीचा हक्क आहे तसा सौंदर्याचाही आहे. आणि ज्याचा हक्क आहे त्याने पारखही स्वतःच करावी, दुसऱ्यावर सोपवू नये. मिलानमधील त्या घराचे दार त्यासाठी उघडे आहे.