धरण भरलं म्हणजे मासा लागलाच?

भाद्रपद सरत आला की आष्टीकडच्या अप्पर वर्धा धरणाच्या काठावर एक नवा गडी दिसू लागतो. भोई समाजाच्या जुन्या मासेमारांसारखा हा जाळं-डोंगा घेऊन येत नाही. ऑनलाइन मागवलेली छडी, रबरी बेडूक आणि मोबाइलवर पाहिलेले अमेरिकेतले व्हिडिओ एवढ्या भांडवलावर तो पाण्यात उतरतो. शरद लागला की मोठ्या तळ्यातला बास नावाचा मासा उथळावर येतो आणि हिवाळ्याआधी आधाशासारखा खातो, असं त्या व्हिडिओत सांगितलेलं असतं.

तिकडे ते बरंचसं खरं आहे. तिथे वरचं पाणी गार होतं, जड होऊन खाली जातं, तळाचं पाणी वर येतं. पुढे तळ्यावर बर्फ धरणार असतो, म्हणून मासा आधीच पोट भरून घेतो. आपल्याकडे मात्र सप्टेंबर सरला की ऑक्टोबरचं ऊन सुरू होतं. सोयाबीनची सोंगणी करणारा माणूस घामाने निथळत असताना धरणातल्या माशाला थंडीची चाहूल कुठून लागणार? इथला मासा हलतो तो पाण्याची पातळी, गढूळपणा आणि मुलताईकडून येणारा वर्धेचा लोंढा यांवर. अमेरिकेतला बासही या पाण्यात नाही. कोकणच्या खाडीतल्या जिताड्याला इंग्रजीत ‘सी बास’ म्हणतात खरं, पण तो वेगळ्या कुळातला.

मग ‘धरण तुडुंब भरलं, आता मासेच मासे’ हा दुसरा गैरसमज. मोर्शी तालुक्यातल्या सिंभोऱ्याजवळच्या या धरणाला 13 दरवाजे आहेत. ते उघडले की पाणी पाहायला गर्दी होते आणि काही जण पायथ्याशी गळ टाकून बसतात. यात अर्धं सत्य आहे. पुराच्या पाण्यात प्रवाहाच्या उलट वर चढण्याची रोहू-कटल्यासारख्या माशांची सवय असते. समोर भिंत आली की ते अडतात आणि पायथ्याशी गोळा होतात. पण भरलेल्या जलाशयातला मासा मोठ्या पाण्यात पांगतो. बुडालेल्या काठावर, झुडपांत त्याला खाणं आणि आडोसा दोन्ही मिळतं, गळाकडे वळण्याची त्याला गरज उरत नाही. जाळ्याला खरा जोर येतो तो उन्हाळ्यात पाणी आटून मासा डोहात एकवटला की. म्हणून आश्विनात रिकाम्या हाताने परतणाऱ्याने स्वतःच्या कसबाला फार बोल लावू नये.

पायथ्याशी बसण्याबद्दल मात्र माझं मत कडक आहे: बसू नये. पाऊस थांबला म्हणजे नदी निवली असं होत नाही. मागून येणाऱ्या पाण्यानुसार विसर्ग कमी-जास्त होतच राहतो. याच वर्धा नदीवर, वरुड तालुक्यातल्या झुंज इथे 14 सप्टेंबर 2021 रोजी नाव उलटून 11 जणांचा जीव गेला. तोही भाद्रपदच होता.

आता श्रावणाचं. मासे विणीला असतात म्हणून आपल्या पूर्वजांनी श्रावण पाळायला लावला, असं मोठ्या अभिमानाने सांगितलं जातं. हेतू काय होता ते पूर्वज जाणोत, हिशेब मात्र पुरता जुळत नाही. राज्यातली समुद्रातली मासेमारीबंदी 1 जून ते 31 जुलै असते, म्हणजे श्रावण बहुतेक वर्षी ती संपताना येतो. गोड्या पाण्यातला रोहू पहिल्या मोठ्या पुरांबरोबर अंडी सोडतो, ते काम आषाढातच सुरू होतं. शिवाय अधिक महिन्यामुळे श्रावण मागेपुढे सरकतो. माशाला पंचांग नसतं.

धरणात मासे ‘आपोआप’ होतात ही समजूतही अशीच. रोहू, कटला, मृगल यांना अंडी सोडायला वाहतं पाणी लागतं. साठलेल्या पाण्यात ते पोसतात, पण एरवी वीत नाहीत. म्हणून बोटुकली बाहेरून आणून सोडावी लागते. ती हवी तेव्हा मिळू लागली ती ओडिशातल्या अंगुळ इथे डॉ. हिरालाल चौधुरी यांनी 10 जुलै 1957 रोजी संप्रेरकाचं इंजेक्शन देऊन या माशांची वीण घडवली त्यानंतर. तोवर नदीतून बीज गोळा करणं हाच मुख्य मार्ग होता. धरणांतल्या मासेमारीचा हक्क ठेक्याने दिला जातो, बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांना, आणि बीज सोडण्याचा खर्च त्यांच्यावर पडतो. तेव्हा ‘पाणी सगळ्यांचं, परवानगी कशाला’ असं म्हणणाऱ्याने आपण कोणाच्या पैशाचा मासा ओढतोय ते एकदा पाहावं.

सगळ्यात जास्त कथा मात्र मरळीच्या वाट्याला आल्या आहेत. रबरी बेडकावर झेपावणारा हाच तो मासा, आपल्या पाण्यातला बासचा जोडीदार म्हणा. दोघांचं नातं काही नाही, फक्त गवतात दबा धरून बसण्याची खोड सारखी. मरळ पाण्याबाहेर तासन्‌तास जिवंत राहते, हे खरं. कल्ल्यांच्या वर तिला हवा घेण्याचा कप्पा असतो आणि अंग ओलं राहिलं की ती तग धरते. उलट तिला पृष्ठभागावर येऊ दिलं नाही तर ती पाण्यातच गुदमरते! या जलाशयाला नल-दमयंती सागर म्हणतात हे इथे आठवतं. प्रेमानंदाच्या गुजराती नळाख्यानात दमयंतीच्या अमृतमय हातांनी मेलेले मासे जिवंत होऊन पाण्यात निसटतात. मरळीला त्या अमृताची गरज पडत नाही.

पण ‘मरळ आपलीच पिल्लं खाते, म्हणून ती त्यांच्याभोवती फिरते’ हे मात्र साफ उलटं आहे. लालसर पिल्लांचा पुंजका पाण्यावर वळवळतो तेव्हा आई-बाप त्याच्या खाली राखणीला असतात. त्या पुंजक्यात बेडूक टाकला की मरळ हमखास झडप घालते, ती भुकेने नव्हे, रागाने. व्हिडिओवाल्यांना हा सोपा डाव वाटतो. पण राखणदार उचलला की उघडी पडलेली पिल्लं इतर मासे आणि बगळे थोड्या वेळात संपवतात. पावसाळा लांबला तर असे पुंजके भाद्रपदातही दिसतात. तिथे गळ टाकू नये. गवताची दुसरी कड धरावी.