मोटार वाटेंत बंद पडते तेव्हां

दिवाळीच्या सुटींतील एखादी संध्याकाळ. महाडहून भोरकडे परतणारें एक कुटुंब वरंध घाटाच्या चढणीवर अडकून पडलें आहे. इंजिनाच्या झांकणाखालून वाफ निघत आहे, मागच्या आसनावर सत्तरीच्या आजीबाई आणि पेंगुळलेलीं दोन मुलें आहेत, काळोख दाटूं लागला आहे, आणि मोबाईलला रेंज नाहीं. अशा वेळीं घरधन्यास आठवण होते ती विमा-प्रतिनिधीनें गेल्या महिन्यांत पुढें केलेल्या एका कागदाची. 'वर्षाला एवढे रुपये भरा, वाटेंत गाडी बंद पडल्यास आम्ही मदत धाडूं,' असें त्यावर लिहिलें होतें, आणि त्यानें तो कागद हंसून बाजूस सारला होता. ती चूक झाली काय? हा प्रश्न सोडविण्याची जागा घाट ही नव्हे. घरीं, दिव्याखालीं, विमापत्र समोर घेऊन तो सोडवावयास हवा.

वर्गणी भरून मदत मिळविण्याची ही कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. इंग्लंडांत १९०५ सालीं मोटारवाल्यांनीं 'ऑटोमोबाइल असोसिएशन' हा संघ काढला, तेव्हां त्याचा हेतु पंक्चर काढण्याचा मुळींच नव्हता. वेगमर्यादा मोडणारांस पकडण्यासाठीं पोलीस झुडुपांआड दबा धरून बसत. त्यांची आगाऊ सूचना सभासदांस देणें हा खरा उद्देश. संघाचे सायकलवाले पहारेकरी सभासदाची गाडी दिसली कीं सलाम करीत. अशी सूचना देणें म्हणजे पोलिसांच्या कामांत अडथळा आणणें होय, असा निर्णय न्यायालयानें १९१० सालीं दिल्यावर संघानें मोठी मौजेची युक्ति काढली: पहारेकऱ्यानें सलाम केला नाहीं, तर सभासदानें गाडी थांबवून त्याचें कारण विचारावें! पुढें त्याच पहारेकऱ्यांच्या हातीं पाने आणि पंप आले. आपल्याकडे मुंबईस 'वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन' १९१९ सालीं स्थापन झाली. जर्मनींतील १९०३ साली निघालेल्या अशाच संघाचे सभासद आज दोन कोटींहून अधिक आहेत.

परंतु ह्या परदेशी संघांचें नांव घेऊन येथील वर्गणीचें समर्थन करतां येत नाहीं. कारण दोन्हीकडे विकत घेतली जाणारी वस्तु एक नव्हे. तेथें संघाचा स्वतःचा कारागीर संघाच्याच गाडींतून हिंडत असतो आणि बहुतेक वेळां बिघाड रस्त्यावरच दूर करतो. येथें विमा कंपनी, मोटारीची कारखानदार कंपनी किंवा निराळी सेवा-कंपनी जी योजना विकते, तिच्या दुसऱ्या टोकास बहुधा एक कॉल सेंटर असतें. तेथील मनुष्य गाडीच्या जवळपासचा गॅरेजवाला किंवा टोइंगवाला शोधतो आणि त्यास धाडतो. म्हणजे वर्गणी भरणारा दुरुस्ती विकत घेत नाहीं. आपल्यासाठीं कोणीतरी माणूस शोधील, एवढें वचन विकत घेतो. तें वचन किती मोलाचें, हें त्या वाटेवर असा माणूस मुळांत आहे कीं नाहीं ह्यावर अवलंबून आहे.

वचनाचा मजकूर बहुतेक सर्वत्र सारखा असतो. पंक्चर झालेलें चाक बदलून देणें, उतरलेल्या बॅटरीस दुसऱ्या बॅटरीचा आधार देऊन इंजिन सुरू करणें, इंधन संपल्यास कांहीं लिटर आणून देणें, किल्ली आंत राहिल्यास दार उघडणें, आणि ह्यांपैकीं कशानेंच भागलें नाहीं तर ठराविक किलोमीटरांपर्यंत गाडी ओढून नेणें. ह्यांत फुकट असतें तें माणसाचें येणें. पेट्रोलाची किंमत, नवा टायर, नवी बॅटरी, ठराविक अंतरापुढील भाडें आणि कित्येकदां टोलदेखील मालकाच्याच खिशांतून जातो. वर्षांतून किती वेळां बोलवावें ह्यासही मर्यादा असते, आणि गाडी फार जुनी असल्यास कांहीं योजना तिला दारांतच उभी करीत नाहींत.

येथें एक गैरसमज दूर करणें अवश्य आहे. 'माझा पूर्ण विमा आहे, मग निराळी वर्गणी कशास?' असें म्हणणारे सुशिक्षित गृहस्थ पुष्कळ आढळतात. खासगी मोटारीच्या रूढ विमापत्रांत गाडी जवळच्या दुरुस्तीवाल्याकडे नेण्याच्या खर्चाचें एक कलम असतें खरें. पण त्याची मर्यादा दर अपघातास १,५०० रुपये इतकीच आहे, आणि 'अपघात' हा शब्द तेथें उगाच घातलेला नाहीं. यंत्रांतील किंवा विजेच्या जोडणींतील बिघाड त्याच विमापत्रांतून स्पष्टपणें वगळलेला असतो. वरंध घाटांत तापलेलें इंजिन हा बिघाड होय. त्यासाठीं विमा कंपनी कांहीं देणें लागत नाहीं. आणि कायद्यानें सक्तीचा असलेला केवळ त्रयस्थाचा विमा तर स्वतःच्या गाडीकडे पाहतच नाहीं. उलट प्रकारही घडतो. नव्या गाडीबरोबर कारखानदारानें कांहीं वर्षांची सेवा दिलेली असते, विम्याच्या नूतनीकरणांत तीच सेवा पुरवणी म्हणून आलेली असते, आणि तरीही गृहस्थ तिसऱ्या कंपनीची वर्गणी भरतो. तीन वर्गण्या भरल्यानें तीन ट्रक येत नाहींत.

आतां पैशांचा हिशेब. समजा, वर्गणी वर्षास एक हजार रुपये आहे, आणि पन्नास-साठ किलोमीटर गाडी ओढून आणण्यास खासगी टोइंगवाला पांच हजार मागतो. पांच वर्षांत एकदां असा प्रसंग आला तर वर्गणी आणि खर्च तंतोतंत सारखे होतात. दहा वर्षांत एकदां आला तर वर्गणी अंगावर पडते. नीट राखलेली, सात-आठ वर्षांच्या आंतील गाडी ओढून नेण्याची पाळी पांच वर्षांत एकदां तरी येईल काय? बहुतेकांचें उत्तर 'नाहीं' असेंच येईल. शिवाय पांच हजारांचा एकवेळचा खर्च मोटार बाळगणाऱ्या घरास बुडवीत नाहीं. आणि जें नुकसान सोसण्याजोगें आहे त्याचा विमा उतरणें हा सहसा आंतबट्ट्याचा व्यवहार असतो. बॅटरीचा प्रश्न तर सोपा आहे. वर उल्लेखिलेल्या जर्मन संघाच्या अलीकडील वार्षिक गणतींत दोन पंचमांशांहून अधिक बिघाड बॅटरीचे निघाले. उष्ण हवेंत ती तीन ते पांच वर्षांत थकते. चौथ्या वर्षीं तपासून बदलली कीं बोलावण्याचें सर्वांत मोठें कारणच नाहींसें होतें.

जो गृहस्थ दादरहून फोर्टांत आणि रविवारीं फार तर ठाण्यास जातो, त्यानें म्हणूनच ह्या वर्गणीच्या नादीं लागूं नये. त्याच्या गल्लींत मिस्त्री आहे, आणि कोपऱ्यावर पंक्चरवाला आहे.

पण हा कोपऱ्यावरचा पंक्चरवाला सर्वत्र राहिलेला नाहीं. जुन्या रस्त्यांवर दर दोन-चार मैलांस जुना टायर टांगलेली एक टपरी असे, आणि कोणत्याही वर्गणीवांचून तीच मोटारवाल्याचा संघ होती. नव्या द्रुतगति मार्गांनीं तिला हद्दपार केलें आहे. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरांचा. त्याचा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्यें आणि शेवटचा जून २०२५ मध्यें खुला झाला. दोन्ही बाजूंस कुंपण, दुचाकीस बंदी. शेजारच्या गांवांतील मिस्त्री हांकेच्या अंतरावर असूनही पोंचूं शकत नाहीं. राष्ट्रीय महामार्गांवर १०३३ ह्या क्रमांकावर मदत मागतां येते, गस्तीची गाडी आणि क्रेन येते. पण रस्ता मोकळा करणें हें त्या क्रेनचें काम आहे, गाडी पुण्यास किंवा नाशकास पोंचविणें नव्हे. शिवाय वर्गणी असो वा नसो, पहिला अर्धा तास ज्याचा त्यानेंच निभवावयाचा असतो: इशाऱ्याचे दिवे लावावे, लाल त्रिकोण बराच मागें ठेवावा, आणि सर्व मंडळींनीं गाडींतून उतरून कठड्यापलीकडे जावें. बंद गाडींत किंवा तिच्या पाठीशीं उभे राहणें हें गाडी बंद पडण्यापेक्षां कितीतरी अधिक घातक आहे.

दुसरा बदल गाडीच्या आंतच झाला आहे. 'स्टेपनी' हा शब्द वेल्समधील लॅनेली गांवच्या स्टेपनी रस्त्यावरून आला. १९०४ च्या सुमारास, मोटारी जादा चाकावांचून विकल्या जात त्या काळीं, तेथील एका दुकानांतून हें जादा चाक निघालें. शब्द हिंदुस्थानांत घरोघर रुजला. चाक मात्र आतां पुन्हां जाऊं लागलें आहे. टायरमधील हवा दाखविणारें यंत्र आणि ट्यूब नसलेल्या टायरचें दुरुस्ती-साहित्य दिलें असल्यास लहान प्रवासी मोटारीस जादा चाक नसलें तरी चालेल, अशी सवलत आपल्या सरकारनें २०२० सालीं दिली. तें साहित्य खिळ्याच्या भोंकास पुरतें; बाजूनें फाटलेल्या टायरपुढें तें निरुपयोगी आहे. अशा गाडीच्या मालकानें डिकी एकदां उघडून पाहावी आणि मग वर्गणीचा विचार करावा. स्वयंचलित गिअरच्या व विजेवर चालणाऱ्या गाड्यांची आणखी एक अडचण आहे. त्यांपैकीं पुष्कळ गाड्या दोन चाकें जमिनीवर ठेवून ओढतां येत नाहींत. विजेच्या गाडीचें चाक फिरूं लागलें कीं तिची मोटर जनित्राचें काम करूं लागते आणि यंत्रास इजा पोंचते. त्यांस सपाट पाठीचा ट्रकच हवा, आणि तो तालुक्याच्या गांवीं सहज मिळत नाहीं.

तेव्हां रात्रीं-बेरात्रीं एकट्यानें वा एकटीनें दूरचा प्रवास करणारे, वृद्ध आईबापांना घेऊन वरचेवर कोंकणांत उतरणारे, जादा चाक नसलेल्या गाडीचे मालक, ह्यांस ही वर्गणी पैशांच्या हिशेबानें तोट्याची ठरली तरी घेण्याजोगी आहे. मात्र घाटांत रेंज नसेल तर तिचाही उपयोग नाहीं. गाडीचा क्रमांक, ठिकाण आणि मदतीचा दूरध्वनि लिहिलेली चिठ्ठी खालीं जाणाऱ्या एस्. टी.च्या चालकाजवळ देणें हाच तेथें मार्ग, आणि त्यासाठीं तो क्रमांक मोबाईलखेरीज कागदावरही लिहिलेला असला पाहिजे.

पैसे भरण्यापूर्वीं एका रात्रीं आठ वाजतां घरूनच त्या क्रमांकावर दूरध्वनि करावा. वरंध घाटांत गाडी उभी राहिली तर माणूस महाडहून येईल कीं भोरहून, त्याच्याजवळ सपाट पाठीचा ट्रक आहे काय, आणि किलोमीटर मोजावयाचे ते त्याच्या गॅरेजपासून कीं बंद गाडीपासून, इतकें विचारावें. उत्तर देणारास महाड कोठें आहे हेंच शोधावें लागलें, तर त्यास किती वेळ लागतो तें घड्याळावर पाहून ठेवावें.