दाखल्यांची मोजणी आणि मेमी क्लार्क

संशोधकाचा प्रभाव आज बहुधा इतर अभ्यासकांनी त्याच्या लेखनाचे किती दाखले दिले यावरून मोजतात. हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ साली 'एच-निर्देशांक' सुचविला: दहा निबंधांना प्रत्येकी दहा दाखले मिळाले, की निर्देशांक दहावर पोचतो. परंतु कोण कोणाचे नाव गाळतो, हे ही मोजणी विचारीत नाही.

अमेरिकेतील कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ मेमी क्लार्क यांचे उदाहरण घ्या. त्यांच्या १९३९ च्या एम.ए. प्रबंधातून पुढे बाहुल्यांचा प्रयोग उभा राहिला. बहुसंख्य काळ्या मुलांनी गोरी बाहुली 'चांगली' ठरविली. विषमता बालमनात किती खोल रुजते ते दिसले. १९५४ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने सरकारी शाळांतील वर्णविभाजन घटनाबाह्य ठरविले. निकालाच्या अकराव्या तळटीपेत पती केनेथ क्लार्क यांच्या अहवालाचा दाखला आहे; मेमींचे नाव नाही. १९४६ साली या दांपत्याने हार्लेममध्ये काढलेल्या बालकेंद्रात ज्यांच्यावर मानसोपचार झाले, ती मुले तर कोणत्याच तळटीपेत येत नाहीत.

दाखल्यांची वही निरुपयोगी नव्हे. पण ती विद्वानांच्या आपसातील देवाणघेवाणीचीच नोंद ठेवते. ज्यांच्या वेदनेवर संशोधन झाले, त्यांच्या जगण्यात काय पालटले, हे पाहिल्यावाचून हिशेब पुरा होत नाही.