झुडपी जमिनीचे कुरणात रूपांतर (वर्धा जिल्हा)

झुडपी जमीन ही पूर्व विदर्भातील महसुली अभिलेखांतून रूढ झालेली संज्ञा आहे. जिच्यावर मोठे वृक्ष विरळ असून काटेरी झुडपे, खुरटी पाने व गवत वाढते, अशी सामाईक वापराची पडीक जमीन, असा तिचा मूळ अर्थ होय. वर्धा जिल्ह्याच्या उत्तरेकडील आर्वी, आष्टी व कारंजा (घाडगे) या तालुक्यांत अशा जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या गुरे चरत आली. झुडपे काढून तेथे पुन्हा सकस गवताचे कुरण उभारणे हा पशुपालनाचा विषय तर आहेच. पण तो वनकायद्याचाही आहे, आणि येथील पशुपालक कुटुंबांच्या उपजीविकेचाही.

भूभाग व पूर्वपीठिका

वर्धा जिल्ह्याचा दक्षिण भाग सपाट व काळ्या मातीचा आहे. उत्तर भाग मात्र सातपुड्याच्या फाट्यांमुळे डोंगराळ असून तेथे काळ्या बेसाल्ट खडकावर मुरमाचा पातळ थर आढळतो. अशा बरड जमिनीवर कापूस किंवा तूर नीट साधत नाही. गवत मात्र साधते. जिल्ह्याचे पूर्वी वर्धा, आर्वी व हिंगणघाट असे तीनच तहसील होते. आजचे आष्टी व कारंजा तालुके तेव्हा आर्वी तहसिलात मोडत. हाच टापू ‘गवळाऊ’ या गोवंशाचे माहेरघर मानला जातो.

गवळाऊ गाय पांढरी असते. बैलाच्या मानेवर, वशिंडावर व मागील भागावर करडी झाक दिसते. बांधा हलका, डोके लांबट व अरुंद, आणि चाल वेगवान. मराठ्यांच्या फौजांनी जलद वाहतुकीसाठी हा वंश जोपासला, अशी परंपरा सांगितली जाते. दुधाच्या प्रमाणात संकरित गायींशी या गायीची तुलना होऊ शकत नाही. परंतु उन्हाळ्यातील वाळक्या गवतावर तग धरणे, उतारावर दिवसभर चरणे आणि शेतीला चपळ बैल पुरवणे हे तिचे गुण या मुलखाला अनुरूप आहेत. त्यामुळे कुरण आणि गवळाऊ यांचा विचार वेगवेगळा करता येत नाही. या वंशाच्या जतनासाठी कारंजा तालुक्यात हेटीकुंडी येथे शासकीय पशुपैदास केंद्र आहे.

हा वंश सांभाळणाऱ्यांत नंदगवळी समाज प्रमुख होय. विदर्भातील गावांत सकाळी गुरे ‘आखरा’वर जमत व तेथून ‘गायकी’ त्यांना रानात नेई. दिवाळीच्या पाडव्याला होणाऱ्या गायगोधनात गायी रंगवून, सजवून मिरवल्या जातात. आखर अनेक गावांत अजून नावापुरता उरला आहे; गुरांची संख्या मात्र घटली आहे.

गोसेवेचा विचारही याच जिल्ह्यात रुजला. जमनालाल बजाज यांनी आपल्या आयुष्याच्या अखेरीस गोसेवेचे कार्य हाती घेतले आणि १९४१ मध्ये गोसेवा संघ स्थापन झाला. वर्ध्याजवळील गोपुरी हे त्यांचे केंद्र होते. फेब्रुवारी १९४२ मध्ये वर्ध्यात गोसेवेसंबंधी परिषद भरली आणि त्याच महिन्याच्या ११ तारखेस बजाज यांचे निधन झाले. गायीचे जतन तिच्या उपयुक्ततेवर, म्हणजे चारा, पैदास व दूध यांच्या व्यवस्थेवर अवलंबून आहे, हा महात्मा गांधींचा आग्रह होता. वर्ध्याच्या गोरस भांडाराचे दूध व गोरसपाक आजही लोकांना ठाऊक आहेत. त्या दुधामागील चाऱ्याचा प्रश्न तितका ठाऊक नाही.

झुडपे का वाढतात

कुरणाचे झुडपात रूपांतर एका वर्षात होत नाही. पवना, मारवेल, शेडा, मुशान ही गवते गुरांना आवडतात. ती बी धरण्याआधीच सतत खाल्ली गेली, की दरवर्षी त्यांचे ठोंब क्षीण होतात. जे गुरांना नको असते ते मागे राहते. सुगंधी तिखाडी हे त्याचे उत्तम उदाहरण होय. तिच्यापासून तेल निघते, पण गुरे तिला सहसा तोंड लावत नाहीत. त्यानंतर बोर, येरोणी, चिलाटी, भराटी व तरवड यांची दाटी होते. पळस तर तोडला तरी मुळांपासून पुन्हा फुटतो.

अलीकडच्या काळात परदेशी वनस्पतींनी ही अवस्था बिकट केली आहे. मूळ अमेरिकेतील घाणेरी, म्हणजेच रायमुनिया, शोभेचे झुडूप म्हणून भारतात आली व रानोमाळ पसरली. तिच्या दाट सावलीत गवत उगवत नाही, पाला खाल्ल्यास गुरांना विषबाधा होते, आणि फळे खाणारे पक्षी तिचे बी दूरवर नेतात. रानतुळस व गाजरगवत यांनीही पडीक जमिनी व्यापल्या आहेत. तरोटा मात्र वेगळ्या दृष्टीने पाहावा लागतो. पावसाळ्याच्या आरंभी त्याची कोवळी भाजी घरोघरी आवडीने खाल्ली जाते. पण माळावर त्याचे रान माजले, तर तेथील चराई बिघडल्याची ती खूण समजावी.

वणव्याबद्दल एक गैरसमज रूढ आहे. राख पडली की गवत जोमाने येते, असे म्हणून उन्हाळ्यात माळ पेटवले जातात. कोवळे फुटवे लवकर दिसतात हे खरे. परंतु वारंवार जाळल्याने मऊ गवताऐवजी कुसळी गवताला वाव मिळतो. त्याची टोकदार कुसळे जनावरांच्या तोंडात व कातडीत रुततात.

कुरण उभारणीची पद्धत

झुडपे काढणे हा या कामाचा सर्वांत सोपा वाटणारा व सर्वांत फसवा भाग आहे. यंत्राने सरसकट जमीन खरडली, तर झुडपांबरोबर मातीचा पातळ थरही जातो, पहिल्या मोठ्या पावसात मुरूम उघडा पडतो आणि त्यावर तरोटा व घाणेरीच आधी उगवतात. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड प्रांतात याचा मोठा दाखला आहे. तेथे १९६० च्या दशकात दोन ट्रॅक्टरांमध्ये जाड साखळी ओढून ‘ब्रिगॅलो’ या बाभूळवर्गीय वृक्षांची विस्तीर्ण राने आडवी केली गेली व गुरांसाठी परदेशी गवत लावले गेले. मांसोत्पादन वाढले, परंतु मुळांतून झाडे पुन:पुन्हा फुटत राहिली, आणि उरलेल्या ब्रिगॅलो रानांची गणना आता संकटग्रस्त परिसंस्थांत होते. वर्ध्याच्या उतारांवर तो मार्ग परवडणारा नाही.

येथे योग्य ठरणारे काम हाताने व निवडून करावयाचे असते. घाणेरी जमिनीलगत कापल्यास तिला अधिकच फुटवे येतात. म्हणून तिचे मुख्य मूळ जमिनीखाली, फुटवे येणाऱ्या भागाच्या खालून कुदळीने तोडतात आणि झुडूप उपटून उलटे ठेवतात, म्हणजे ते पुन्हा मूळ धरत नाही. हे काम फळे पिकण्यापूर्वी झाले पाहिजे. पुढील दोन-तीन वर्षे नवी रोपे उपटत राहणे तितकेच आवश्यक असते, आणि बहुतेक प्रयत्न नेमके येथेच सोडून दिले जातात. सर्व झुडपे काढणे इष्टही नाही. बोर, पळस व हिवर यांची मोजकी झाडे सावलीसाठी राखावीत. शेळ्यांना त्यांचा पाला मिळतो आणि माती धरून राहते.

मोकळ्या झालेल्या उतारावर समतल चर खोदून पाणी अडवतात. गवताचे बी पावसाळा सरताना, ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास, जवळच्याच चांगल्या कुरणातून हाताने गोळा करणे उत्तम. बाहेरून आणलेल्या बियाण्यापेक्षा स्थानिक पवना किंवा मारवेल या मातीला लवकर सरावते. पहिल्या पावसानंतर बी फोकतात, अथवा मारवेलीचे ठोंब लावतात.

त्यानंतर येते चराईबंदी. नव्या कुरणात गवताचे बी पडेपर्यंत गुरे सोडू नयेत. फार तर गवत कापून गोठ्यात न्यावे. पुढे कुरणाचे भाग पाडून ते आळीपाळीने चारावे लागतात. शास्त्रदृष्ट्या हे साधे आहे. पण ज्याच्या दारात दहा-बारा गायी आहेत आणि ज्याला दुसरे रान नाही, त्याने बंदीच्या काळात गुरे कोठे न्यावीत? या प्रश्नाचे उत्तर गावाने आधी ठरवले नसेल, तर कुंपण टिकत नाही. म्हणूनच गवळ्यांना बाजूस ठेवून आखलेल्या कुरणयोजना कागदावरच राहतात.

कायदेशीर स्थिती

नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांचा प्रदेश १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपूर्वी मध्य प्रदेशात होता. तेथील गावांच्या निस्तार हक्कांत चराई, सरपण इत्यादींसाठी सामाईक जमिनी राखलेल्या असत. त्यांतील कित्येकांची नोंद ‘झुडपी जंगल’ अशी झाली. नोंदीतील ‘जंगल’ या एका शब्दाने पुढे मोठा वाद निर्माण केला. १९८० च्या वन (संवर्धन) कायद्यानुसार वनजमीन वनेतर कामासाठी वापरण्यास केंद्र सरकारची पूर्वपरवानगी लागते. १२ डिसेंबर १९९६ रोजी गोदावर्मन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ‘वन’ या शब्दाचा व्यापक अर्थ लावल्यावर झुडपी जमिनीही त्या कक्षेत येतात का, हा प्रश्न तीव्र झाला.

२२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने झुडपी जंगल ही वनजमीनच मानली जाईल, असा निर्णय दिला. सुमारे ८६ हजार हेक्टर क्षेत्राशी त्याचा संबंध होता. १९९६ च्या उपरोक्त तारखेपूर्वी सक्षम अधिकाऱ्यांनी ज्या जमिनी वाटप केल्या होत्या, त्यांच्याबाबत केंद्राच्या मंजुरीने नियमितीकरणाचा मार्ग न्यायालयाने खुला ठेवला.

यामुळे झुडपी जमिनीवर यंत्र चालवून खासगी कुरण तयार करणे कायद्यात बसत नाही. मात्र २००६ च्या वनहक्क कायद्याने वनातील चराईचा हक्क, तसेच सामूहिक वनसंपत्तीचे संरक्षण व व्यवस्थापन करण्याचा हक्क मान्य केला आहे. ज्या ग्रामसभेला हा सामूहिक हक्क मिळतो, तिला घाणेरी काढणे, गवत राखणे व चराईचे नियम ठरवणे ही कामे व्यवस्थापनाचा भाग म्हणून हाती घेता येतात. नंदगवळी अनुसूचित जमातीत नसल्याने त्यांना ‘इतर पारंपरिक वननिवासी’ या वर्गात दावा करावा लागतो आणि त्यासाठी तीन पिढ्यांच्या, म्हणजे ७५ वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा द्यावा लागतो. गुरांमागे फिरणाऱ्या कुटुंबांकडे कागदपत्रे कमी असतात, ही यातील खरी अडचण आहे.

वन्यजीव व चराई

बोर धरणाच्या परिसरातील वनाला १९७० मध्ये अभयारण्याचा आणि २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. क्षेत्राने तो देशातील अत्यंत लहान व्याघ्र प्रकल्पांत गणला जातो. त्यामुळे वाघांचा वावर संरक्षित सीमेबाहेरील झुडपी पट्ट्यांतही असतो. दाट घाणेरीत वाघ जवळ असूनही दिसत नाही, आणि गुराखी व गुरे या दोघांनाही धोका संभवतो. दुसऱ्या बाजूस, चितळ व नीलगाय यांनाही मोकळे गवत हवे असते. चांगली कुरणे राखली, तर तृणभक्षी प्राण्यांना रानातच खाद्य मिळते व शेतातील पिकांवरील त्यांचा भार काहीसा हलका होऊ शकतो. संरक्षित क्षेत्रात वनविभागच गवताळ पट्टे राखतो. त्याच्या सीमेबाहेरील गायराने व झुडपी तुकडे मात्र गावांच्या सांभाळावरच अवलंबून आहेत.